योगराज कापगतेची वीस मिनिटं

योगराज कापगतेचा हात आधी चालायचा, डोकं मागून यायचं. त्याच्या गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. चौथीत असताना त्याने पाटी फोडली ती बाकावरच्या पोराच्या टाळक्यावर. आयटीआयला गेला तर वसतिगृहाच्या आचाऱ्याला वरणाच्या गंजात बुचकळलं. पुढे नागपुरात एका कंपनीत चांगली नोकरी लागली होती, तिथल्या सुपरवायझरने आईवरून शिवी दिली म्हणून याने कीबोर्ड उचलला आणि त्याच्या तोंडावर असा हाणला की बटणं टेबलाखाली वेचावी लागली. झालं, नोकरी गेली. योगराजला पश्चात्ताप? छे! कीबोर्ड वायरचा होता म्हणून हात पुरता फिरला नाही, एवढीच हळहळ.

हे बाळकडू घरचंच होतं. बाप दुधराम जातीने कोहळी, आणि कोहळ्यांनी या मुलखात तलाव बांधले हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावच्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं ते दुधराम ठरवायचा. धान निसवायला आलं की हातात काठी घेऊन तो तलावाच्या बांधावर, पाळीवर उभा. पाळीतून पाणी सोडायच्या तोंडाला तुडूम म्हणतात. या तलावाला तुडुमं दोन, एक वर, एक खाली. आजोबा सांगून गेले होते की एका तुडुमावर गाव सोडायचं नाही, एक बुजलं तर दुसरं हवंच. पण दोन्ही एका वेळी उघडायची नाहीत, हेही तेच सांगून गेले होते. एका वर्षी कुणी शहाण्याने वरचं चालू असताना खालचं उघडलं. दोन्हीकडचं पाणी एकाच बांधीत घुसलं, बांधीचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, फुटले आणि उभं धान आडवं झालं. दुधरामने त्या माणसाचा हात पाळीवरच मोडला. हाड मोडल्याचा आवाज योगराजने ऐकला, तेव्हा तो सात वर्षांचा होता.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. माणसावर हात टाकणारा हा गडी मशीनपाशी गेला की गाईसारखा गरीब. बंद पडलेल्या सर्व्हरपुढे तो तासन्‌तास उकिडवा बसायचा, स्क्रू ओठांत धरून, एक शिवी न देता. त्याची बायको रीता म्हणायची की याच्यातला अर्धा संयम जरी घरी आला असता तर माझं सोनं झालं असतं. नागपूरहून परतल्यावर गोंदियात मुन्ना शेठने त्याला ठेवून घेतलं. मुन्ना शेठची आधी राइस मिल होती. ती बंद करून त्याच इमारतीत त्याने ऑनलाइन परीक्षांचं केंद्र काढलं, चारशे कॉम्प्युटरचं. जिथे भुशाचे ढीग पडायचे तिथे एसी लागले. सर्व्हरची खोली योगराजच्या ताब्यात.

वायरिंगचं काम लीलाधरकडे होतं. हा बिरसी गावचा. चाळिशी उलटलेला, खाकी शर्ट, खिशात पक्कड, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याचा जीव जावा. साधा फ्यूज उडाला तरी सकाळी घरून निघालो तिथून सुरुवात करायचा. योगराज करवादायचा, "मुद्द्यावर ये गा," पण दुपारचा डबा दोघांचा एकत्रच असायचा. लीलाधरची बायको वच्छलाबाई लाखोरीच्या डाळीचे वडे करायची, त्यातले चार योगराजचे म्हणून वेगळे यायचे. त्याने जगात ज्यांच्यावर हात उगारला नव्हता अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि लीलाधर त्यात होता. त्या शनिवारपर्यंत.

त्या शनिवारी भरतीची मोठी परीक्षा होती. पेपर फुटू नये म्हणून नियम असा की चार नवे सर्व्हर कोरे आणायचे आणि परीक्षेच्या सकाळी, निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर भरायचे. कोऱ्या सर्व्हरला स्वतःबद्दल काही माहीत नसतं. चालू केला की तो वायरीवर हाक मारतो, माझा नंबर कोणता, माझी सिस्टिम कुठून उचलू? खोलीतलं मुख्य मशीन त्याला नंबर देतं, फाइल कुठे आहे ते सांगतं, आणि मग वीस मिनिटांत तो आपोआप भरतो. माणसाने बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. योगराजने हे पन्नास वेळा केलं होतं. त्याने सात वाजता बटणं दाबली आणि चहा मागवला.

चहा यायच्या आधीच पहिल्या सर्व्हरने मान टाकली. फाइल सापडली नाही, असं सांगून पडदा काळा. दुसऱ्याने नंबर घेतला, थोडा भरला, मधेच पुन्हा नंबर मागितला आणि तोही गेला. तिसरा, चौथा, तेच. त्याने पुन्हा चालू केले. आता तिसरा नीट भरायला लागला आणि पहिला पडला. तिसऱ्यांदा केलं तर तिसराही पडला. सरळ मोडलेली वस्तू दुरुस्त करता येते हो, पण कधी चालते कधी नाही अशी वस्तू माणसाला वेडं करते. योगराजने केबली बदलल्या. स्विचची भोकं बदलली. मुख्य मशीन बंद करून पुन्हा लावलं. ते तर ठणठणीत होतं. प्रत्येक खेपेला सर्व्हर जागे व्हायलाच आठ-दहा मिनिटं खायचे. साडेआठ झाले. निरीक्षक खुर्चीत बसून घड्याळ बघत होता आणि मुन्ना शेठ दारात उभा राहून घाम पुसत होता.

अशात लीलाधर आला. दारातून आत डोकावला आणि आपल्या चालीने सुरू झाला. "भाऊ, आयका ना जरा. सकाळी मी लवकर आलो. मागच्या खोलीतला जळका बोर्ड तुमी कव्हाचा सांगून राहिले होते, तं म्हनलं आज करून टाकू. थो केलो. आन तिथं थो जुना डब्बा आहे ना, थो..."

योगराजने एवढंच ऐकलं की याने सकाळी लाइनला हात लावला. पुढचं ऐकायला तो थांबला नाही. उठला आणि उजव्या हाताची अशी एक ठेवून दिली की लीलाधर भेलकांडत रॅकवर गेला. लोखंडी कोपरा कानामागे लागला. खाकी कॉलरवर रक्त उतरलं. योगराजने त्याला कॉलर धरून उभं केलं आणि दुसरी मारली.

"परीक्षेच्या दिवशी लाइन हलवतोस? तूच घोळ केलास. नीघ इथून, जनरेटरपाशी जाऊन मर."

लीलाधर काहीतरी म्हणणार होता, पण तोंडात रक्त आलं होतं. कान दाबून तो बाहेर गेला. मुन्ना शेठने दारातून सगळं पाहिलं. त्याला सर्व्हर कळत नव्हते, पण दोष कुणाचा हे त्याला त्या दोन झापडांनी समजलं.

बाहेर तोवर पावणेचारशे पोरं-पोरी जमली होती. कुणी देवरीकडच्या जंगलातल्या गावांतून पहिल्या बसने आलेले, कुणी स्टेशनवर पेपर अंथरून रात्र काढलेले. निम्म्यांची वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. साडेनऊला पेपर होता. साडेनऊ वाजले, दार उघडलं नाही. दहा वाजले. अकरापर्यंत सर्व्हर उभे राहिले नाहीत तर या केंद्राची परीक्षा रद्द होईल, असं निरीक्षकाने मुन्ना शेठला सांगितलं, आणि ते बोलणं कसं कोण जाणे, पाच मिनिटांत गेटपाशी पोहोचलं.

मग काय, भडका! पहिला दगड पाटीवर लागला, दुसऱ्याने नोंदणीच्या खोलीची काच गेली. गेटवरचे दोन चौकीदार टोप्या काढून गर्दीत मिसळून गेले. पोरांनी गेट हलवून हलवून बिजागरातून काढलं आणि मुन्ना शेठच्या गाडीवर टाकलं. एका पोरीच्या कपाळाला काच लागली, तिच्या भावाने सळई उपसली. मुन्ना शेठ माइक घेऊन पायरीवर गेला. एक वीट त्याच्या डोक्यावरून गेली, तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते असं: "अरे सुनो, हमारी गलती नहीं है! वायरमैन ने लाइन बिगाड़ी है!"

एवढं पुरे होतं. जनरेटरपाशी खाकी शर्टातला एक माणूस उभा होता, खिशात पक्कड आणि कॉलरवर रक्त. पोलिसांना फोन गेला होता, पण ते यायला वेळ होता.

आत योगराजला काचा ऐकू येत होत्या. त्याने मान वर केली नाही. त्याने एक काम उशिरा केलं, जे आधी करायला हवं होतं. मुख्य मशीनची नोंद आणि सर्व्हरचा पडदा शेजारी शेजारी ठेवून वाचला. नोंदीत होतं, पहिल्या सर्व्हरला एक्कावन्न नंबर दिला. पडद्यावर होतं, मला दोनशे चार मिळाला.

हा नंबर आपण दिलेलाच नाही. मग दिला कुणी?

या वायरीवर नंबर वाटणारं दुसरं कुणीतरी बसलं होतं. सर्व्हर हाक मारायचा, दोघंही उत्तर द्यायचे, आणि ज्याचं आधी पोहोचेल त्याचं तो ऐकायचा. म्हणून कधी चालायचं, कधी नाही. वरचं तुडूम चालू असताना कुणी खालचं उघडलं होतं. ते खालचं तुडूम कुणी खोदलं होतं हे आठवायला त्याला एक क्षणही लागला नाही. गेल्या वर्षी ऐन परीक्षेत मुख्य मशीन बसलं होतं. तेव्हा याने आजोबांची अक्कल चालवून, कुणाला न विचारता, मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर तस्साच नंबर वाटायला तयार करून ठेवला होता. एका तुडुमावर केंद्र सोडायचं नाही म्हणून. पावसाळ्यात त्या खोलीतला बोर्ड जळला, तो जुना डबाही बंद पडला, आणि हा विसरून गेला. बोर्ड दुरुस्त कर म्हणून लीलाधरच्या मागे चार महिने तोच लागला होता.

तो मागच्या खोलीत धावला. बोर्ड नवा होता, वायरीला पांढरी टेप निगुतीने गुंडाळलेली. खाली जुना डबा घरघरत होता, हिरवा दिवा लागलेला. लीलाधरने सकाळी वीज आणली, डबा आपोआप उठला आणि गेल्या वर्षीची, आता कुठेच नसलेली फाइल सर्व्हरांना दाखवत बसला. लीलाधर हेच सांगायला आला होता. त्याच्या सवयीप्रमाणे पहिल्यापासून सांगत होता, आणि डब्यापर्यंत आला तोच योगराजने त्याचं तोंड फोडलं.

त्याने प्लग उपटला. परत येऊन चारही सर्व्हर चालू केले. चौघांनी नंबर घेतले, फाइल उचलली. पडद्यांवर चार हिरव्या पट्ट्या सरकू लागल्या. घड्याळात दहा अडतीस.

आणि इथून पुढे जे झालं, त्याबद्दल योगराज कापगतेला कुणी काय म्हणावं ते म्हणो. नोंदणीवर बसणारी डिंपल धावत आत आली. ओढणीवर काचेचा चुरा, पायात एकच चप्पल.

"सर, लीलाधरभाऊले मारून राहिले. तुमी सांगाल तं आयकतील. चला ना."

योगराज म्हणाला, हो, आलो. पण उठला नाही. पट्टी सहा टक्क्यांवर होती. त्याने मनाशी म्हटलं, पुन्हा पडली तर? मी इथे नको का? अकरा वाजले तर परीक्षा गेली, मग ही पोरं सगळ्यांनाच जाळतील. सगळी कारणं बरोबर होती आणि सगळी खोटी होती, कारण पट्टी त्याच्यासाठी सरकत नव्हती. तिला माणूस लागतच नव्हता. खरं कारण वेगळंच होतं. बाहेर जाऊन त्याला सांगावं लागलं असतं की चूक माझी. मारायला तो कधी भ्याला नव्हता, पण हे एक वाक्य त्याला बोलता येत नव्हतं. डिंपल दोन क्षण थांबली आणि एकटीच परत गेली.

चाळीस टक्के. बाहेर एक ओरडणं आलं, लांबलचक, आणि मधेच तुटलं. तो आवाज त्याने ओळखला. साठ. ऐंशी. निरीक्षक उठून त्याच्या मागे उभा राहिला. चारही सर्व्हर भरून पडदे निळे झाले तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती. निरीक्षकाने सही केली. मग योगराज उठला.

गेटपाशी लीलाधर जमिनीवर होता, गुडघे पोटाशी घेऊन. त्याचीच पक्कड एका पोराच्या हातात होती, तिच्या टोकाला रक्त. डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं ते योगराजने पाहिलं आणि पुन्हा त्याला तिकडे बघवलं नाही. डिंपल दोघा पोरांना बोचकारत, चावत मागे ओढत होती. योगराज गर्दी फाडत आत शिरला, लीलाधरवर आडवा झाला आणि बोंबलला, "सोडा त्याले. त्याचा काही संबंध नाही. थे मशीन मी लावलो होतो. चूक मी केलो."

मग लाथा त्याच्याकडे वळल्या. बरगड्या गेल्या, एक, मग दुसरी. सळई उजव्या मनगटावर बसली आणि त्याला हाडाचा तोच सातव्या वर्षी ऐकलेला आवाज ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उलटा हात उगारला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. प्रत्येक लाथेबरोबर ओझं उतरतंय असं वाटत होतं. मारा रे, अजून मारा, तो मनात म्हणत होता.

तेवढ्यात आतून माइकवर आलं की सर्व्हर सुरू झाले, साडेअकराला पेपर, प्रवेशपत्र हातात ठेवा. आणि दगड खाली पडले. सळई नालीत गेली. पोरांनी शर्ट झटकले, रांग लावली. ज्या हातांनी मारलं त्याच हातांचे अंगठे हजेरीच्या मशीनवर टेकवून पोरं आत गेली, काहींचे अंगठे आधी पुसावे लागले. पोलीस आले तेव्हा अंगणात दोन माणसं आणि काचा होत्या.

दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. लीलाधरचा डावा डोळा काढावा लागला. शुद्धीवर आल्यापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगायचा, पहिल्यापासून: घरून निघालो, बोर्ड केलो, आणि शेवटी, योगराजभाऊ अंगावर पडला म्हणून जित्ता आहो. झापडांचा उल्लेखसुद्धा नाही. पाहुणे योगराजकडे बघून हात जोडायचे. मुन्ना शेठ येऊन फळं ठेवून गेला आणि हळूच म्हणाला की जो हुआ सो हुआ, अब मुंह मत खोलना. डिंपल आली नाही. तिने काम सोडलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी वच्छलाबाई डबा घेऊन आली. योगराजचं मनगट प्लास्टरमध्ये, रीता औषधं आणायला गेलेली. म्हणून वच्छलाबाईने नवऱ्याला भरवलं आणि मग याच्या खाटेपाशी बसून यालाही घास द्यायला लागली. डोळ्यात पाणी आणून म्हणाली, "हे सारखे तुमचंच नाव घेऊन राहिले, भाऊजी. तुमाले समजलं आन तुमी धावले. नाही तं आज मी कोनाच्या तोंडाकडं पाहली असती?"

घास त्याच्या तोंडात होता. मान हलवली असती की संपलं होतं. डिंपल आणि तो निरीक्षक सोडले तर कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने घास कसाबसा गिळला.

"समजल्याबरोबर नाही धावलो, वयनी. मले वीस मिनिटं आधीच समजलं होतं. डिंपल बलवाले आली होती."

वच्छलाबाईचा हात डब्यावर थांबला. "मंग थ्या वीस मिनिटांत का करत होते?"

"मशीन भरून राहिली होती. पाहत होतो."

"तुमी पाहलं नसतं तं नसती भरली का?"

"भरली असती."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पट्टीकडे. योगराजला ती नजर सोसेना. त्याने मान पुढे केली, डोळे मिटले. "मारा मले, वयनी," तो म्हणाला, आणि खरोखर वाट बघत बसला.

वच्छलाबाईने बोटं पदराला पुसली. "नाही मारत. मार खानं तुमाले सोपं जाते, भाऊजी. मार खाल्ला का तुमी मोकळे. मी नाही मोकळं करत तुमाले."

डब्याचं झाकण लावून ती उठली आणि नवऱ्याच्या पायथ्याशी जाऊन बसली. लीलाधर जागा होता. उघडा डोळा छताकडे होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. योगराजने दोनदा हाक मारली. चार वाजता नर्स आली तेव्हा लीलाधरने तिला आपली खाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवायला सांगितली.